हिताचे संकल्प आणि मधली सत्तर वर्षं

बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं, एकोणतिसाव्या अध्यायातलं अकरावं वचन ख्रिस्ती घरांना पाठ असतं. कॅलेंडरवर, दिवाणखान्यातल्या फ्रेममध्ये, लग्नपत्रिकेवर, बारावीच्या निकालाच्या दिवशी मोबाइलवर ते हमखास भेटतं. तुमच्याविषयीचे माझे संकल्प मी जाणतो, ते हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, असं देव तिथे सांगतो. वचन खरं आहे आणि घट्ट धरून ठेवावं असंच आहे. पण ज्या पत्रात ते आलं, ते पत्र वाचलेलं नसेल तर संकटाच्या दिवसांत हेच वचन टोचायला लागतं. नोकरी जाते, गाठ कर्करोगाची निघते, हातातोंडाशी आलेला मुलगा रस्त्यावर अपघातात जातो, आणि फ्रेम भिंतीवर तशीच असते. मग माणूस एक तर देवावर रुसतो, नाहीतर आपलाच विश्वास कमी पडला म्हणून स्वतःला कोसत बसतो.

म्हणून आधी ते पत्र. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजानं यरुशलेमेतून यकोन्या राजाला, त्याच्या आईला, सरदारांना, सुतार-लोहारांना बाबेलला नेलं. मागे सिद्कीया गादीवर बसला. यिर्मया यरुशलेमेतच राहिला होता. त्यानं त्या नेलेल्या लोकांना पत्र लिहिलं आणि सिद्कीयाच्या दूतांबरोबर बाबेलला धाडलं. पत्रातल्या सूचना अगदी संसारी आहेत. घरं बांधा आणि त्यांत राहा. बागा लावा, त्यांची फळं खा. लग्नं करा, मुलाबाळांची लग्नं लावा, संख्येनं कमी होऊ नका. ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्या शहराचं भलं पाहा आणि त्याच्यासाठी देवाकडे प्रार्थना करा. हे शहर म्हणजे बाबेल, ज्यांनी यांची घरं उठवली त्यांचं. त्यानंतर, दहाव्या वचनात, आकडा येतो: सत्तर वर्षं. आणि मग आपलं ते अकरावं वचन.

दहावं वचन फ्रेममध्ये कुणी घेत नाही. पण पत्र ज्यांच्या हातात पडलं त्यांनी ते आधी ऐकलं. तिशीतला माणूस हिशेब करू शकत होता की आपण काही परत जात नाही. बाबेल जिंकलेल्या पारसच्या कोरेश राजानं परतीची परवानगी दिली ती इ.स.पू. ५३८ च्या सुमारास, म्हणजे ५९७ साली तीस वर्षांचा असलेला माणूस तोवर जगला असता तर नव्वदीला टेकला असता. हिताचा संकल्प त्याच्यासाठीही होता, फक्त तो त्याच्या हयातीत पुरा होणारा नव्हता. त्यातला त्याचा वाटा होता बाबेलमधलं घर, बाग, सूनबाई, नातवंडं आणि रोजची प्रार्थना.

याच सुमारास हनन्या नावाचा संदेष्टा दुसरंच सांगत होता. बाबेलच्या सत्तेची खूण म्हणून यिर्मयानं मानेवर घेतलेलं जू त्यानं काढून मोडलं आणि मंदिरात सगळ्यांदेखत जाहीर केलं की दोन वर्षांच्या आत मंदिराची पात्रं, राजा, माणसं, सगळं परत येईल. ऐकायला हेच जास्त विश्वासाचं वाटतं. यिर्मयानंही आधी ‘आमेन, परमेश्वर असंच करो’ म्हटलं. त्यालाही तेच हवं होतं. पण देवानं तसं सांगितलेलं नव्हतं. या खोट्या आशेची किंमत कुठे मोजावी लागते ते बागेपाशी कळतं. द्राक्षाचा वेल किंवा अंजिराचं झाड लावून त्याचं फळ खायचं तर दोन-तीन वर्षं सहज जातात. दोन वर्षांत परत जायचंय असं मानणारा माणूस झाड लावणारच नाही. तो पेटी बांधून दाराशी बसेल, मुलीचं लग्न पुढे ढकलेल, शेजाऱ्यांशी ओळख करणार नाही. उलट यिर्मयाचं पत्र बाबेलमध्ये पोहोचल्यावर शमाया नावाच्या माणसानं तिथून यरुशलेमेला तक्रार केली की हा वेडा संदेष्टा लोकांना ‘दिवस लांबणार, घरं बांधा’ असं सांगतो, त्याला खोड्यात का घातलं नाही? खरं सांगणारा माणूस आशा मोडतो असं तेव्हाही लोकांना वाटत होतं.

दीर्घ आजार, मूल न होणं, व्यंग असलेल्या लेकराचं संगोपन, डोक्यावरचं कर्ज, यांत सापडलेल्या विश्वासूंनी हनन्या आणि यिर्मया दोघांनाही ओळखून ठेवावं. ‘या महिन्यात चमत्कार होणार’ असं तारीख लावून कुणी सांगत असेल, आणि त्या तारखेच्या भरवशावर तुम्ही औषध, हप्ता, मुलाची शाळा यांतलं काही थांबवणार असाल, तर जरा थांबा. हिज्किया राजा मरणाच्या दारात असताना देवानं त्याला पंधरा वर्षं आयुष्य वाढवून देण्याचं वचन दिलं, आणि तरीही यशया संदेष्ट्यानं त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितला. वचन आणि लेप दोन्ही एकाच अध्यायात आहेत. रक्तदाबाची, साखरेची, फिटची गोळी बंद करणं हा विश्वासाचा पुरावा म्हणून देवानं कुठेही मागितलेला नाही.

देवाचा हेतू मागे वळून पाहताना दिसतो असं आपण म्हणतो आणि योसेफाचं नाव घेतो. ते बरोबरच आहे, पण वर्षं मोजून घ्यावीत. उत्पत्तीच्या पुस्तकात आकडे दिलेले आहेत. भावांनी खड्ड्यात टाकून त्याला विकलं तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. किंमत वीस शेकेल चांदी. फारोसमोर उभा राहिला तेव्हा तीस. मधल्या काळात पोटीफर नावाच्या मालकाचं घर, खोटा आरोप, तुरुंग. ज्या प्यालेबरदाराच्या स्वप्नाचा अर्थ त्यानं सांगितला तो बाहेर पडल्यावर त्याला विसरला, आणि त्यानंतरही पुरती दोन वर्षं गेली. पुढे सुकाळाची सात वर्षं, मग दुष्काळाचं दुसरं वर्ष चालू असताना भावांसमोर तो स्वतःला उघड करतो, म्हणजे वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी. तुम्ही मला विकलंत, पण जीव वाचवण्यासाठी देवानं मला पुढे पाठवलं, हे वाक्य तो तिथे पहिल्यांदा बोलतो. खड्ड्यात फेकल्यापासून बावीस वर्षांनी. आणि ज्या वाक्यावर आपण उपदेश करतो, तुम्ही वाईट योजलंत पण देवानं ते चांगल्यासाठी योजलं, ते तर बाप याकोब मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, सतरा वर्षं राहून वारल्यावरचं आहे. तेव्हा योसेफ छप्पन्न वर्षांचा होता.

मधल्या वर्षांत त्यानं काय केलं तेही लिहिलेलं आहे. तुरुंगात तो ‘देवाची योजना असेल’ म्हणून हात जोडून बसला नाही. त्यानं प्यालेबरदाराला सरळ विनंती केली: तुझं भलं होईल तेव्हा फारोकडे माझं नाव काढ, मला चोरून आणलंय, मी असं काहीही केलेलं नाही की मला इथे कोंडावं. आणि खड्ड्यात असताना तो गप्पही नव्हता. सदतिसाव्या अध्यायात त्याच्या रडण्याचा उल्लेख नाही, पण पाच अध्याय पुढे भाऊ एकमेकांना म्हणतात की तो गयावया करत होता, त्याच्या जिवाची तळमळ आपण पाहिली आणि ऐकलं नाही. देवाच्या योजनेत असलेला मुलगा खड्ड्यात ओरडून रडला होता. पुढे मिसरात दुसरा मुलगा झाला तेव्हा त्यानं त्याचं नाव एफ्राईम ठेवलं, माझ्या विपत्तीच्या देशात देवानं मला सफळ केलं म्हणून. फारोची अंगठी हातात आल्यावरही त्या देशाला तो विपत्तीचा देशच म्हणतो.

यातून एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ‘देवानं चांगल्यासाठी योजलं’ हे वाक्य योसेफानं स्वतः म्हटलं, स्वतःच्या दुःखाबद्दल, क्षमा करताना. तुरुंगात त्याच्या शेजारी बसून हे वाक्य त्याला कुणी ऐकवलं नाही. दुसऱ्याच्या दुःखाचा हेतू सांगायचा अधिकार आपल्याला नाही.

आपल्या महाराष्ट्रातच पंडिता रमाबाईंचं आयुष्य डोळ्यांसमोर आहे. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास उपाशीपोटी देशभर पायी फिरत राहिले. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती गेले, पदरात लहानगी मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उभं राहिलं. १८९६ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि भुकेनं मरू घातलेल्या मुली, बालविधवा घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यातून वाढलं. भूक म्हणजे काय हे अंगावर काढलेली बाई होती म्हणून ती धावली, असं म्हणायला जागा आहे. पण १९२१ मध्ये मनोरमाही गेली, जिच्यावर पुढे मुक्तीची जबाबदारी सोपवायची होती. त्या मरणाचा असा काही उलगडा हाती लागत नाही. एकाच आयुष्यात एक दुःख उलगडलं आणि दुसरं तसंच राहिलं, आणि रमाबाई शास्त्राच्या मराठी भाषांतराचं काम करतच राहिल्या. एप्रिल १९२२ मध्ये त्या वारल्या. योजनेवरचा भरवसा बहुतेकांच्या वाट्याला असाच येतो, अर्धा उलगडलेला.

रोमकरांस पत्रातलं आठव्या अध्यायातलं अठ्ठाविसावं वचन, देवावर प्रीती करणाऱ्यांना सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात हे, याच प्रकाशात वाचावं. पुढच्याच वचनात ते कल्याण कोणतं ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल सांगतो: देवाच्या पुत्राच्या, येशूच्या, प्रतिरूपासारखं होणं. पगारवाढ, बढती, हरवलेलं परत मिळणं यांचा तिथे उल्लेख नाही. आणि त्याआधीच्या सहा-सात वचनांत तीनदा कण्हणं आहे: सृष्टी कण्हते, आपण कण्हतो, आणि आत्मा शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्यानं मध्यस्थी करतो. कण्हणं ओलांडून थेट अठ्ठाविसाव्या वचनावर उडी मारायची सोय पौलानं ठेवलेली नाही.

कण्हायचं कसं हे शिकवायला स्तोत्रसंहिता आहे. दीडशे स्तोत्रांपैकी फार मोठा भाग गाऱ्हाण्यांचा आहे, आणि त्या गाऱ्हाण्यांना एक बांधणी आहे. तेरावं स्तोत्र घ्या. सहाच वचनं, मोठ्यानं वाचायला एक मिनिट लागत नाही. सुरुवात हाकेनं: हे परमेश्वरा. लगेच गाऱ्हाणं, चार वेळा ‘कोठवर’. त्यातले पहिले दोन थेट देवावर आहेत: तू मला कोठवर विसरणार, कोठवर तोंड लपवणार. तिसरा स्वतःच्या मनातल्या घालमेलीवर, चौथा वैऱ्यावर. तिसऱ्या-चौथ्या वचनांत मागणं, आणि मागण्याला कारण जोडलेलं: माझ्याकडे पाहा, उत्तर दे, माझे डोळे सतेज कर, नाहीतर मी मरेन आणि वैरी म्हणेल जिंकलो. पाचव्यात ‘पण’ येतो आणि भरवसा. सहाव्यात गाण्याचा निश्चय. परिस्थिती मधे बदललेली नाही.

ही बांधणी घेऊन स्वतःची प्रार्थना करता येते, आणि अवघड दिवसांत कागदावर लिहिलेली बरी. गाऱ्हाण्याच्या भागात मोघम लिहू नका. ‘प्रभू, अडचणी आहेत’ असं न लिहिता जे आहे तेच लिहा: तिसरी केमो झाली, पांढऱ्या पेशी वाढत नाहीत, घरमालकानं महिन्याची मुदत दिली, धाकटा माझ्याशी बोलत नाही. मागणंही तितकंच नेमकं ठेवा. मागणं म्हणजे अविश्वास, असं कुणी सांगितलं तर गेथशेमाने बाग आठवा. दुःखाचा प्याला टळावा म्हणून येशूनं एकाच रात्री तीन वेळा मागितलं. पौलानंही शरीरातल्या काट्यासाठी तीन वेळा विनवलं, आणि उत्तर कृपा पुरेशी आहे असं आलं. काटा गेला नाही.

चुकतं ते बहुधा दोन जागी. एक म्हणजे गाऱ्हाणं देवाकडे न नेता देवाविषयी चारचौघांत नेणं. रानात इस्राएल लोकांनी तेच केलं. तंबूंत कुरकुर, मोशेपाशी कुरकुर, आणि देवाकडे वळून एक शब्द नाही. स्तोत्रकर्त्याचे शब्द त्यांच्यापेक्षा तिखट असतात, पण ते देवाच्या तोंडावर असतात. दुसरी चूक पाचव्या वचनातला ‘पण’ ओढूनताणून आणण्याची. तो आज आला नाही तर तिथेच थांबावं. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तसंच थांबतं; हेमानाच्या नावावरचं ते स्तोत्र अंधारातच संपतं, भरवशाचं वाक्य शेवटी येतच नाही. पण त्याची पहिली हाक ‘माझ्या उद्धारक देवा’ अशी आहे, आणि रात्रंदिवस मी तुझ्यापुढे ओरडतो असं ते म्हणतं. देवानं हे स्तोत्र शास्त्रात राहू दिलं, तेव्हा तुमची अर्धवट प्रार्थनाही तो ऐकतो यावर विसंबून झोपायला हरकत नाही. उपासनेतही अशा स्तोत्रांना जागा हवी. बाईचा नवरा मंगळवारी पुरला गेला असेल आणि रविवारी पहिल्यापासून शेवटपर्यंत टाळ्यांचीच गाणी असतील, तर त्या मंडळीत तिला उभं राहायला जागा नाही. मध्यस्थीच्या प्रार्थनेत तिचं नाव घेऊन तेरावं किंवा बेचाळिसावं स्तोत्र सावकाश वाचायला दोन-चार मिनिटं पुरतात.

भेटीला जाणाऱ्यांनी सगळं गमावलेल्या ईयोबाच्या मित्रांकडून पहिले सात दिवस घ्यावेत आणि पुढचं सोडावं. ते लांबून आले, वस्त्रं फाडली, डोक्यावर धूळ टाकून घेतली, सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, कुणी अवाक्षर काढलं नाही. बोलायला लागले आणि बिघडलं. देवाच्या बाजूनं बोलतोय असं त्यांना वाटत होतं, पण शेवटी देव त्यांनाच म्हणाला की ईयोबासारखं तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत. म्हणून दुःखाच्या घरी ‘प्रभूला तो जास्त आवडला’, ‘यातून देव काहीतरी शिकवतोय’, ‘घरात काही पाप असेल तर तपासा’ ही वाक्यं बाहेर चपलांपाशीच ठेवावीत. जेवणाचा डबा न्यावा. एलिया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत पडला होता तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं ठेवलं, त्याला पुन्हा झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला घातलं. देवाचा प्रश्न त्यानंतर, होरेब डोंगरावर पोहोचल्यावर आला. दफनविधीनंतरच्या पहिल्या आठवड्यात घर माणसांनी भरलेलं असतं. खरी गरज दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात असते: मृत्यूचा दाखला, बँकेतलं वारसाचं नाव, पेन्शनचे कागद, मुलांची फी, आणि पहिला नाताळ. तेव्हा जा.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगायलाच हवी. घरात मार खाणाऱ्या बाईला ‘हा तुझा क्रूस आहे, उचल’ असं सांगणं देवाच्या हेतूच्या नावावर केलेला अन्याय आहे. शौल राजानं भाला फेकला तेव्हा दावीद बाजूला झाला आणि पळाला. नासरेथच्या लोकांनी कड्यावरून लोटायला नेलं तेव्हा येशू त्यांच्यातून निघून गेला. दिमिष्क शहरात पौल पाटीत बसून तटावरून खाली उतरला, फटके मारायला बांधलं तेव्हा त्यानं रोमी नागरिकत्व सांगितलं, आणि न्याय मिळेना तेव्हा कैसराकडे दाद मागितली. सुटका शोधणं हे भरवशाच्या आड येत नाही. अशा बाईला आधी सुरक्षित जागा द्यावी, १८१ हा महिलांचा मदत क्रमांक लावून द्यावा, प्रार्थना तिच्याबरोबर तिथे बसून करावी.

यिर्मयाकडे पुन्हा एकदा जायला हवं, कारण भरवसा आणि गाऱ्हाणं एकाच माणसात एकाच दिवशी कसं नांदतं ते बत्तिसाव्या अध्यायात दिसतं. यरुशलेमेला वेढा पडलेला होता आणि यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत होता. अशात चुलतभाऊ हनामेल आला आणि म्हणाला, अनाथोथमधलं माझं शेत विकत घे. देवानं आधीच सांगितलं होतं, म्हणून यिर्मयानं घेतलं. सतरा शेकेल चांदी, आजच्या मापात सुमारे दोनशे ग्रॅम, काट्यावर तोलून दिली. खरेदीखत लिहिलं, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, एक प्रत मोहरबंद आणि एक उघडी, आणि दोन्ही आपल्या लेखनिकाकडून, बारूखाकडून, मातीच्या भांड्यात ठेवायला लावल्या, पुष्कळ दिवस टिकाव्या म्हणून. हे सगळं झाल्यावर त्यानं प्रार्थना केली. तुला काही अवघड नाही अशी त्याची सुरुवात आहे, पण शेवटी येतो तो त्याच प्रश्नावर: शहर खास्द्यांच्या, म्हणजे बाबेलच्या लोकांच्या, हाती जातंय, वेढ्याचे मोर्चे उभे राहिलेत, आणि तू मला म्हणतोस पैसे देऊन शेत घे? देव या प्रश्नावर रागावत नाही. शहर पडणार हे तो लपवत नाही, आणि मग सांगतो की बन्यामिनाच्या प्रांतात, यरुशलेमेच्या आसपास, यहूदाच्या गावांत लोक पुन्हा पैसे देऊन शेतं घेतील, खतं लिहितील, मोहर करतील आणि साक्षीदार बोलावतील.